जेवणानंतरची गोळी

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत चन्नप्पाचं किराणा दुकान होतं आणि त्या दुकानात पुड्या बांधायला त्याचा धाकटा भाऊ मल्लिकार्जुन बसायचा. बसायचा असं आपलं म्हणायचं. दोन पुड्या बांधून झाल्या की तो उठायचा, गुळाच्या ढेपेपर्यंत जायचा, परत यायचा, पुन्हा उठायचा. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, या माणसाला कुठं जायची एवढी घाई झाली आहे. घाई कसली आणि काय! तो घेत असलेली गोळी त्याच्या पायांना स्वस्थ बसू देत नव्हती आणि तीच गोळी त्याच्या डोळ्यांना उघडं राहू देत नव्हती. झोपही येते आणि बसवतही नाही, असा हा अजब कारभार सहा वर्षं चालला होता.

गोळी सुरू झाली सत्तर साली. तेव्हा मल्लिकार्जुन तिशीला टेकला होता, अक्कलकोटकडच्या एका मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं, आणि त्याच्यासारखी पुडी पेठेत कोणी बांधत नाही असं बायाबापड्या म्हणत. मग एके दिवशी त्याला गिऱ्हाइकांच्या बोलण्यामागं दुसरं बोलणं ऐकू येऊ लागलं. बाई तूरडाळ मागायची आणि तिच्या पाठीमागून कुणीतरी म्हणायचं, ही डाळीला नाही, तुझी टेहळणी करायला आली आहे. होता होता ते आवाज स्वैपाकघरात शिरले. वैनी तुझ्या जेवणात विष कालवते, असं ते सांगू लागले. आणि एका दुपारी मल्लिकार्जुन वाढलेलं ताट घेऊन भर गल्लीत उभा राहिला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून बोलावून ते विष दाखवू लागला.

त्याची वैनी सुंदरम्मा तेव्हा दारात उभी होती, हाताला ज्वारीचं पीठ तसंच. ती या घरात आली तेव्हा मल्लिकार्जुन नऊ वर्षांचा होता. त्याच्या डोक्याला तेल लावण्यापासून त्याची पाटी पुसण्यापर्यंत सगळं तिनं केलं होतं. पीठ वाळून हात पांढरे होईतो तशीच उभी राहिली.

पुण्याच्या इस्पितळात तीन महिने ठेवून त्याला परत आणलं, तो गोळ्या घेऊनच. अक्कलकोटकडचं लग्न अर्थातच मोडलं. आवाज मात्र गेले, हे कबूल केलं पाहिजे. गोळीनं जे करायचं ते चोख केलं. पण चोर धरायला आलेल्या शिपायानं घरातच मुक्काम ठोकावा तसं झालं. जीभ जड झाली. झोपेत लाळ गळायची, म्हणून तो स्वतःची उशी स्वतःच धुवायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. अंग सुटलं. सोलापूरच्या उन्हात दहा पावलं चाललं की तोंड भाजून काळंठिक्कर पडायचं, म्हणून ऐन उन्हाळ्यात तो छत्री घेऊन निघायचा आणि पोरं त्याला ‘गोळी मल्लू’ म्हणून चिडवायची. आणि या सगळ्याहून एक वाईट होतं. त्र्याहत्तर साली त्याची आई गेली. आईवर त्याचा जीव होता, हे सगळी पेठ जाणत होती. पण त्या दिवशी त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. दुःख कुठंतरी जाड गोधडीखाली आहे एवढं त्याला कळत होतं, पण त्याच्यापर्यंत हात पोचत नव्हता. बाया कुजबुजल्या, बघा बाई, सख्खी आई गेली तरी दगड तो दगडच. मल्लिकार्जुननं ते ऐकलं. त्याला आपली लाज वाटली, आणि गंमत बघा, लाज तेवढी गोळीनं जागच्या जागी ठेवली होती.

त्या लाजेला रोजचा खुराक होता. पुण्याहून आला तेव्हा तो ताटाकडं नुसता बघत बसायचा. सुंदरम्मानं त्यावर एक उपाय काढला. ताट वाढून ती त्याच्यासमोर बसायची, त्याच्याच ताटातला एक घास मोडून आपल्या तोंडात घालायची आणि म्हणायची, “बघ, मी खाल्लं. आता खा.” तेव्हा तो जेवायचा. पुढं महिन्याभरात त्याच्या मनातलं विष उतरलं, पण तो घास काही थांबला नाही. सहा वर्षं, दोन्ही वेळा, सुंदरम्माचा हात आधी त्याच्या ताटात जायचा. तिला ते आता उंबऱ्याला हात लावण्याइतकं सवयीचं झालं होतं. त्याला मात्र प्रत्येक घासाला गल्लीतली ती दुपार आठवायची. वैनी, आता नको, एवढे तीन शब्द त्याला सहा वर्षांत बोलता आले नाहीत. कुठल्या तोंडानं बोलणार?

हात थरथरायला लागले ते आणखी पुढं. आधी डावा, मग दोन्ही. पुडी बांधताना हळद सांडायची, दोऱ्याची गाठ तिसऱ्या खेपेला बसायची. ते एक वेळ चाललं असतं. पण हे घर लिंगायताचं. लहानपणी गुरूनं दिलेलं लिंग चांदीच्या डबीत घालून जन्मभर गळ्यात वागवायचं. सकाळी आंघोळ झाली की डाव्या तळहातावर ते घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं आणि थोडा वेळ त्याच्याकडं एकटक बघत बसायचं. एवढं झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. आपलं लिंग दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. आणि ते जमिनीवर पडलं तर माणसानं जगू नये, असं जुन्या बाया सांगत. त्यापायी शुक्रवार पेठेत कुणी मेल्याचं ऐकिवात नाही, पण लहानपणी कानावर पडलेलं हाडात उतरतं.

शहात्तरच्या ज्येष्ठात, एका सकाळी, मल्लिकार्जुनच्या हातून लिंग पडलं. तळहातावर पाणी हिंदकळलं, बोटं आवळायच्या आत ते निसटलं आणि घरंगळत ज्वारीच्या पिपामागं गेलं. त्यानं आधी मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं. मग गुडघ्यांवर रांगत जाऊन त्यानं ते शोधलं, धोतराला पुसलं, डबीत घातलं आणि डबी मिटली. जीव द्यायचं धैर्य आपल्यात नाही हे त्याला लगेच कळलं, आणि त्याचीही लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून तो भिंतीकडं तोंड करून बसू लागला. डबी उघडायचीच नाही, रिकाम्या तळहातावर पाणी सोडायचं, ओठ हलवायचे आणि उठायचं. घरात वाटे, पूजा झाली. पण याला माहीत होतं ना, झाली नाही ते. आणि पूजा नाही तर जेवण नाही. सुंदरम्मा घास घेऊन चुलीकडं वळली की हा ताट घेऊन परसात जायचा आणि कडक भाकरी, डाळ, सगळं शेजारच्या गाईपुढं ठेवायचा. भूक लागली की दुकानात चोरासारखे शेंगा-फुटाणे खायचा. फुटाणे म्हणजे काही अन्न नव्हे, असा निवाडा त्यानंच दिला होता.

आता गोळीचं बघा. चिठ्ठीवर डॉक्टरनी मराठीत लिहून दिलं होतं, ‘सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर.’ मल्लिकार्जुन लिहिलेल्याबाहेर जाणारा माणूस नव्हे. जेवण झालं नाही तर जेवणानंतरची गोळी कशी घ्यायची? हे असलं गणित आमच्या या सज्जनालाच सुचावं. गोळी चुकवायची म्हणून त्यानं चुकवली नाही, हे ध्यानात घ्या. कोनाड्यातल्या बाटलीतून तो नेमानं गोळी काढायचा, दिवसाच्या दोन गोळ्यांची एक पुडी बांधायचा आणि देवघरातल्या तसबिरीमागं ठेवायचा. पूजा जमेल, जेवण होईल, तेव्हा घेऊ.

आषाढाच्या सुरुवातीला नेहमीप्रमाणं स्टेशनकडच्या डॉक्टरांकडं जाणं झालं. काही त्रास आहे का, असं डॉक्टरनी विचारलं, तर चन्नप्पाच बोलला, झ्याक हाय साहेब, काय बी तक्रार न्हाय. घरातलं बाहेर काढायचं नाही, हा चन्नप्पाचा बाणा. पण डॉक्टर भला माणूस होता. तो मल्लिकार्जुनकडं वळला आणि म्हणाला, “तुम्ही सांगा. हातपाय कडक होतात का, थरथरतात का?”

मल्लिकार्जुननं डावा हात मांडीखाली घातला. “न्हाय,” तो म्हणाला.

हात थरथरतो म्हटलं की कधी, कशानं, काय पडलं, सगळं आलं. ते भावासमोर सांगायचं? त्यापेक्षा मांडी बरी.

आणि मग, गोळी बंद होऊन तीनेक आठवडे झाले असतील, एका सकाळी पुडीची गाठ पहिल्या खेपेलाच बसली. त्यानं दुसरी बांधली, तीही बसली. डावा हात समोर धरून पाहिला तर हात जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी त्यानं भिंतीकडं तोंड करून भीतभीत डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं, पाणी घातलं. पाणी हललं नाही. किती वेळ तो बघत बसला कुणास ठाऊक. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि तीन वर्षांपूर्वी मेलेल्या आईसाठी तो त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून रडला.

त्या दिवशी तो पोटभर जेवला. जेवणानंतरची गोळी घ्यायची पाळी आता खरी आली होती. बाटली हातात घेऊन तो उभा राहिला. हात थरथरायचा कशानं थांबला ते न कळण्याइतका तो खुळा नव्हता. त्यानं गोळीची पुडी बांधली आणि तसबिरीमागं टाकली. यापुढं मात्र जे झालं ते त्यानं जाणूनबुजून केलं, आणि ते त्यानं पुढं कधी नाकारलंही नाही.

त्या पंधरा दिवसांत घरात जणू दुसराच माणूस वावरत होता. भाकरीला चव लागू लागली. शेंगाची चटणी तो मागून घ्यायचा. गिऱ्हाइकाशी थट्टा करायचा. एकदा सुंदरम्माला म्हणाला, वैनी, तुमची भाकरी इतकी कडक की घरावर कौलं घालावीत, आणि ती इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. सहा वर्षांत या घरात कुणी असं हसलं नव्हतं. चन्नप्पासुद्धा दुकानात म्हणाला, आमचा मल्लू सुधारला.

मग लिंग बोलू लागलं. आधी गोड बोललं, बघ तुझा हात कसा दगडासारखा झाला. मग म्हणालं, गोळी कुणाला हवी होती, विचार कर. मग म्हणालं, रोज आधी घास खाते ती कशाला? तिला उतारा ठाऊक आहे. मल्लिकार्जुन कानांत कापसाचे बोळे घालून दुकानात बसू लागला. आतून येणाऱ्या आवाजाला बोळ्याचं काय!

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी घरी जंगमांना, म्हणजे लिंगायतांच्या पुरोहितांना, जेवायला बोलावलं होतं. वृद्ध जंगमस्वामी पाटावर बसले होते, शेजारपाजारची दहा-बारा माणसं होती, सुंदरम्मा वाढत होती. स्वामींनी घास उचलला आणि मल्लिकार्जुननं धावत येऊन त्यांचं ताट लाथेनं उडवलं. खीर भिंतीवर गेली. “खाऊ नका,” तो ओरडला, “हिनं इख घातलंय. सा वर्षं मला घालतीया.”

चूल पेटलेली तशीच राहिली. माणसं एकेक करून उठून गेली. चन्नप्पानं भावाला धरून कोठीच्या खोलीत लोटलं आणि बाहेरून कडी घातली. संध्याकाळी डॉक्टर येईपर्यंत मल्लिकार्जुन आतून दार बडवत होता, आणि चन्नप्पा बाहेर पायरीवर डोकं धरून बसला होता. ज्या अब्रूला तो सहा वर्षं झाकत होता ती खिरीबरोबर भिंतीवरून ओघळत होती.

इंजेक्शनं झाली, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. भाद्रपद लागता लागता आवाज दूर गेले, आणि पाण्याला ओहोटी लागल्यावर तळातला चिखल दिसावा तसं त्याला सगळं दिसू लागलं. ताट दिसलं, स्वामींचा वर उचललेला हात दिसला, वैनीचं तोंड दिसलं. पहिल्या वेळी तो आजारी होता, त्याला कळलं नव्हतं. या वेळी पुड्या त्यानं बांधल्या होत्या. जनाची सोडा, मनाचीच लाज इतकी होती की तो घरात भिंतीच्या कडेकडेनं चालू लागला. हातही आले पुन्हा थरथरत, जुन्या पाहुण्यासारखे.

पुढच्या खेपेला डॉक्टरनी चन्नप्पाला बाहेर बसवलं आणि मल्लिकार्जुननं सगळं सांगून टाकलं. लिंग, गाय, फुटाणे, पुड्या. सांगताना मान वर केली नाही. डॉक्टरनी सांगितलं की या थरथरीवर वेगळी गोळी मिळते. सगळी जाईल असं नाही, पण पुष्कळ कमी होईल, तोंडाला मात्र कोरड पडेल. मोठी गोळीही थोडी कमी करून बघू.

“आणि ते जेवणानंतर,” डॉक्टर म्हणाले, “पोटात जळजळू नये म्हणून लिहिलं होतं हो. उपाशीपोटी घेतली असती तरी चाललं असतं.”

मल्लिकार्जुन घरी येईपर्यंत गाईपुढं ठेवलेल्या भाकरी मनात मोजत होता.

थरथरीची गोळी लागू पडली, पण रुपयात दहा आणेच. गाठ आता दुसऱ्या खेपेला बसायची. डबी उघडायचं मात्र त्याला होईना. तो पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसू लागला. तिसऱ्या दिवशी सुंदरम्मा येऊन त्याच्याशेजारी, जमिनीवर, बसली. चन्नप्पा दुकानात होता, घरात दुसरं कुणी नव्हतं.

“त्या दिशी लिंग पडलेलं मी बघितलं,” ती म्हणाली. “दाराआड हुते. तुला लाज वाटंल म्हनून मागं सरले.”

त्याच्या हातातला तांब्या जमिनीला टेकला.

“माजंबी पडलंय की. येकदा न्हवं, दोनदा. पयल्या बाळंतपणात येकदा, आणि येकदा भाकरी थापताना डबी उघडली तवा. उचललं, धुतलं, गळ्यात घातलं. कुणाला सांगायचं असतं व्हय ते?”

तो तिच्याकडं बघत राहिला. ती आता त्याच्याकडं बघत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होती.

“आणि पुड्या बी मला सापडल्या हुत्या,” ती हळूच म्हणाली. “श्रावणाआदी. पयल्या वाकड्यातिकड्या, मागनं बांदलेल्या सरळ. मला कळलं काय चाललंय ते. पर तू हसत हुतास रे मल्लू. चटणी मागून खात हुतास. मला वाटलं, ऱ्हाऊ दे चार दिस. मी बोलले न्हाय. स्वामींचं ताट तू उडवलंस, पर त्यात माजा बी हात हाय.”

तिनं कपाळ गुडघ्यांवर टेकलं. इतकी वर्षं मल्लिकार्जुनला वाटत होतं की या घरात मान खाली घालून चालणारा तो एकटाच आहे. त्याला तिच्याजवळ रडावंसं वाटलं, पण रडू गोधडीखाली होतं, ते काही वर आलं नाही. मग त्यानं गळ्यातली डबी पुढं ओढली आणि ती उघडली.

तळहात पुढं केला तो हललाच. सुंदरम्मानं डोळे पुसले आणि आपला तळहात त्याच्या हाताखाली लावला. लिंगाला तिचा स्पर्श होणार नाही इतका खाली, पण त्याच्या हाताला टेकू होईल इतका वर. पाणी थोडं हिंदकळलं आणि तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. लिंग राहिलं. विभूती लावून झाली, बेलाचं पान वाहून झालं, तरी दोघं तशीच बसून होती.

मग तिनं ताट वाढलं. भाकरी, डाळ, चटणी. समोर बसली, आणि सवयीनं तिचा हात ताटाकडं गेला. मल्लिकार्जुननं ताट आपल्याकडं ओढून घेतलं. तिचा हात मधेच थांबला, चेहरा उतरला. श्रावणातला सोमवार दोघांच्याही डोळ्यांसमोर आला असणार.

“तसं न्हवं, वैनी,” तो म्हणाला. जीभ जड होती, शब्द एकेक करून आले. “आता नको. पयला घास मीच खातो.”

आणि त्यानं भाकरीचा मोठा तुकडा मोडून, डाळीत बुडवून, तिच्या देखत तोंडात घातला. तो चावत होता आणि ती बघत होती. चव फारशी लागत नव्हती, ते त्यानं तिला सांगितलं नाही.

जेवण झाल्यावर ती गोळीसाठी पाणी आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आतून पदरानं नाक पुसल्याचा आवाज आला. मल्लिकार्जुन गोळी तळहातावर घेऊन तिची वाट बघत बसला. तळहातावर गोळी हलत होती, पण या वेळी त्यानं हात मांडीखाली घातला नाही.